दगडी बंगल्याचे आधीचे मालक कसे शोधायचे

माथेरान, महाबळेश्वर, पाचगणी किंवा खंडाळ्याच्या जुन्या दगडी बंगल्याबद्दल गावात एक गोष्ट तयार असते. कुणा साहेबाने बांधला, त्याच्याकडून पारशी शेटजींनी घेतला, पुढे मुंबईच्या व्यापाऱ्याकडे गेला, आता अमक्यांचा आहे. फाटकावर एखादं सालही रंगवलेलं असतं. अशा गोष्टीत खऱ्याचा अंश असतो, पण कोण कधी आलं, कोणत्या कागदाने आलं आणि मधले किती मालक गळले हे तिच्यातून कळत नाही. ते शोधण्याची रीत इथे दिली आहे. महाराष्ट्रातल्या कोणत्याही जुन्या घराला, अगदी गावातल्या वाड्यालाही ती बऱ्याच अंशी लागू पडते. थंड हवेच्या ठिकाणच्या बंगल्यांची काही खास वळणं आहेत, ती त्या त्या जागी येतील.

शोध आजपासून मागे न्यायचा. सुरुवात पहिल्या साहेबापासून करून पुढे यायला गेलं तर बहुतेक वेळा वाट चुकते. त्या माणसाचे गावात दोन-तीन प्लॉट असू शकतात आणि त्यातला आपला कोणता हे सांगणारा धागा त्या टोकाकडून हाती लागत नाही. आजच्या उताऱ्यावर ज्याचं नाव आहे त्याला ही जागा कोणाकडून आली, हा एकच प्रश्न प्रत्येक पायरीवर विचारायचा. उत्तराला कागद मिळाला की मग पुढची पायरी.

दुसरी गोष्ट, बंगल्याच्या नावामागे धावू नका, नंबर धरा. बंगल्याची नावं मालकागणिक बदलतात. नवा मालक मुलीचं किंवा आईचं नाव देतो. जुना मालक आपलं आवडतं नाव घेऊन दुसऱ्या बंगल्यावर लावतो आणि मग एकाच नावाचे दोन बंगले वीस वर्षांच्या अंतराने कागदात येतात. नंबरही बदलतात, पण तो बदल सरकारी दप्तरात नोंदलेला असतो. नावाच्या बदलाची नोंद कुठेच नसते.

वही कशी आखायची

एक तक्ता करा. त्यात हे रकाने हवेत: कागदावरची तारीख जशीच्या तशी, तिची इसवी सनातली तारीख, देणार, घेणार, व्यवहाराचा प्रकार (खरेदी, गहाण, वारस, बक्षीस, पट्टा), त्या वेळचा नंबर, क्षेत्र, रक्कम, चतुःसीमा (चारही बाजूंना काय आणि कोणाचं आहे ते), आणि कागद कोणत्या कार्यालयात पाहिला. शिवाय प्रत्येक ओळीला चार प्रश्न जोडा. जमीन कोणाची, पट्टा कोणाच्या नावे, बांधकाम कोणाचं, राहतं कोण? गावठाणातल्या घरात ही चारही उत्तरं अनेकदा एकच असतात. थंड हवेच्या ठिकाणी मात्र बऱ्याच बंगल्यांची जमीन सरकारी भाडेपट्ट्याची आहे. तिथे जमीन सरकारची, पट्टा एकाचा, भिंती त्याच्याच किंवा दुसऱ्याच्या, आणि हंगामात भाड्याने राहणारा तिसराच. जुन्या पत्रांत आणि वर्तमानपत्रांत नाव येतं ते बहुधा या तिसऱ्याचं. बंगल्यांच्या इतिहासात ‘मालक’ म्हणून मिरवणाऱ्या कितीतरी बड्या नावांची जागा खरं तर चौथ्या प्रश्नाच्या उत्तरात असते.

आजचा उतारा

जागा नगर भूमापनाच्या, म्हणजे सिटी सर्व्हेच्या, हद्दीत असेल तर मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, घ्या. हद्दीबाहेर असेल तर सातबारा. दोन्ही ऑनलाइन मिळतात, पण ऑनलाइन प्रतीवर चालू स्थितीच तेवढी नीट दिसते. आपल्याला हवी असते जुनी हस्तलिखित पत्रिका. ती उपअधीक्षक भूमी अभिलेख यांच्या कार्यालयात नकलेचा अर्ज करून मागावी लागते. अर्जात ‘सुरुवातीपासूनच्या सर्व नोंदींसह’ असं स्पष्ट लिहा, नाहीतर संगणकाची छापील प्रत हातात पडते.

पत्रिकेवर वरच्या भागात नगर भूमापन क्रमांक, क्षेत्र, धारणाधिकार आणि चौकशीच्या वेळचा धारक असतो. खाली तारीखवार व्यवहार असतात आणि प्रत्येक नावापुढे एक अक्षर: ‘धा’ म्हणजे धारक, ‘प’ म्हणजे पट्टेदार, ‘भा’ म्हणजे भार. हे अक्षर न बघता नावं उतरवली की पट्टेदार मालक होतो आणि कर्ज देणारी बँकही मालकांच्या यादीत बसते. धारणाधिकाराच्या रकान्यावरून जमीन सरकारी पट्ट्याची आहे की खासगी, हे लगेच कळतं. पट्ट्याची असेल तर शोधाची दिशाच बदलते, त्याबद्दल पुढे.

पत्रिकेच्या मागे जायला दोन कागद लागतात. एक, चौकशी नोंदवहीचा उतारा. नगर भूमापन सुरू करताना अधिकाऱ्याने प्रत्येक धारकाला ‘ही जागा तुमची कशी’ असं विचारलेलं असतं आणि त्याचं उत्तर तिथे थोडक्यात लिहिलेलं असतं: ‘वडिलार्जित’, ‘अमुक साली अमुककडून खरेदी’, ‘सरकारी पट्टा’. एका ओळीत कधी दोन पिढ्या मिळतात. दुसरा कागद म्हणजे नगर भूमापन क्रमांकाचा जुन्या सर्व्हे नंबराशी मेळ. हा मेळ लेखी घ्या. कारकुनाने तोंडी सांगितलेल्या नंबरावर पुढचं काम उभारू नका.

सातबाऱ्याच्या गावात आणखी एक अडथळा येतो. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरण कायद्याखाली जिथे योजना राबवली गेली तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. एका गटात दोन-तीन जुने नंबर आले असतील किंवा एक नंबर फुटून दोन गटांत गेला असेल. यासाठी एकत्रीकरणाचा ९(३) आणि ९(४) चा उतारा मागायचा. तो न पाहता गट नंबर आणि सर्व्हे नंबर एकच धरणं ही या कामातली सगळ्यात महागात पडणारी चूक. तीन महिने शेजारच्या जागेचा इतिहास गोळा होतो.

फेरफार

फेरफार म्हणजे जमिनीवरचा हक्क बदलल्याची सरकारी नोंद. सातबाऱ्यावर नावांच्या बाजूला वर्तुळात आकडे असतात, ते फेरफार क्रमांक. कंसात टाकलेली नावं म्हणजे कमी झालेली. प्रत्येक आकड्याची गाव नमुना ६ मधली, म्हणजे फेरफार नोंदवहीतली, नोंद काढायची. तिच्यात हक्क कसा मिळाला, कोणाकडून, किती रकमेला आणि कोणत्या तारखेला हे चार-पाच ओळींत असतं. जुने फेरफार तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात, काहींच्या स्कॅन प्रती सरकारच्या ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावर मिळतात.

हक्कनोंदणीचा कायदा मुंबई इलाख्यात १९०३ चा. गावोगावच्या पहिल्या नोंदी त्यानंतरच्या वर्षांतल्या. म्हणजे फेरफाराच्या वाटेने साधारण विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत पोचता येतं, त्यामागे नाही.

फेरफार वाचताना शेवटचा रकाना आधी बघा. नोंद मंजूर झाली की रद्द? रद्द नोंदीतही खरेदीची रक्कम, तारीख, सगळं व्यवस्थित लिहिलेलं असतं, आणि नुसता मजकूर वाचणारा ती साखळीत घालून मोकळा होतो. मात्र रद्द नोंद फेकूही नका. ती का रद्द झाली यात बहुधा भाऊबंदकीचा किंवा सावकाराचा वाद असतो, आणि बंगल्याचा खरा इतिहास तिथेच दडलेला असतो.

काही अक्षरं नेहमी येतात. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. नाव एकाचं असलं तरी जागा सगळ्या कुटुंबाची. तो मेल्यावर धाकट्या भावाचं नाव लागलं तर ती विक्री नव्हे, कारभारी बदलला. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता, मालक अल्पवयीन आहे. ‘बिन’ आणि ‘वलद’ बापाचं नाव सांगतात, ‘कोम’ नवऱ्याचं. आजोबा-नातवाचं नाव एकच असण्याची चाल घराघरात असल्यामुळे नुसत्या नावावर भरवसा ठेवू नका, प्रत्येक ओळीत बापाचं नाव उतरवा. नाहीतर एकच गृहस्थ नव्वद वर्षं बंगल्याचा मालक राहिलेला दिसतो.

हस्तलिखित सातबाऱ्याचं काही वर्षांनी पुनर्लेखन व्हायचं. नवीन पुस्तकात उतरवताना क्षेत्र, ‘इतर हक्क’ किंवा एखाद्या बहिणीचं नाव गळाल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत. एखादं नाव फेरफाराशिवाय नाहीसं झालं असेल तर दोन पुनर्लेखनांमधला जुना सातबारा मागा. आणि एक लक्षात असू द्या: जमीन महसूल संहितेचं, म्हणजे १९६६ च्या कायद्याचं, कलम १५७ या नोंदी खऱ्या मानायला सांगतं ते विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच. नोंद हा हक्काचा उगम नाही. हक्क दस्ताने येतो.

दुय्यम निबंधकाकडे

फेरफारात ‘खरेदीने’ असं आलं की मूळ दस्त दुय्यम निबंधकाच्या, म्हणजे दस्तनोंदणीच्या, कार्यालयात शोधा. नोंदणी कायदा १९०८ चा आहे, पण दस्तनोंदणीची सलग परंपरा १८६४ पासूनच्या कायद्यांची. स्थावराचे दस्त पुस्तक क्रमांक १ मध्ये असतात. सूची क्रमांक १ माणसांच्या नावांनी लावलेली, सूची क्रमांक २ मिळकतीने, म्हणजे गाव आणि नंबराने. ही पुस्तकं आणि सूची फी भरून कोणालाही पाहता येतात, मालक असण्याची अट नाही. मृत्युपत्रं पुस्तक ३ मध्ये असतात आणि ते करणारा हयात असेपर्यंत त्यांची नक्कल दुसऱ्याला मिळत नाही.

ऑनलाइन शोध अलीकडच्या काही दशकांपुरता चालतो. मागचं सगळं बाडांमध्ये. तिथे वर्ष माहीत नसताना गेलात तर दिवस वाया जातो, म्हणून फेरफारातली तारीख घेऊन जा आणि तिच्या आधीची दोन वर्षं पाहा. दस्त आधी होतो, फेरफार मागाहून पडतो, कधी बऱ्याच उशिरा.

दस्तात तीन जागा नीट वाचायच्या. पहिली, ‘सदर मिळकत मला अशी आली’ हा परिच्छेद. यात विकणारा स्वतःच्या खरेदीची तारीख आणि नोंदणी क्रमांक देतो, म्हणजे मागची कडी आयती मिळते. दुसरी, मिळकतीचं वर्णन: ‘चिरेबंदी बंगला, मंगलोरी कौलांचा, मागे मुदपाकखाना, नोकरांच्या चार खोल्या, तबेला, विहीर’. प्रत्येक दस्तातलं हे वर्णन शेजारीशेजारी मांडलं की कोणती खोली कोणाच्या काळात आली ते दिसू लागतं. वर्णनात फक्त ‘मोकळी जागा’ असेल आणि पुढच्या दस्तात बंगला असेल, तर बांधकाम त्या दोघांच्या मधल्या काळातलं. घराच्या वयाचा याहून भक्कम पुरावा सहसा मिळत नाही. ‘तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपासह’ ही मात्र ठरावीक शब्दावली आहे. त्यावरून तिथे झाडं किंवा दगडाची खाण होती असं ठरवू नका.

तिसरी जागा चतुःसीमा, आणि तीच सर्वांत मोलाची. ‘पूर्वेस सरकारी रस्ता, पश्चिमेस अमुक शेट यांचा बंगला.’ आपल्या साखळीतली कडी तुटली की चारही शेजाऱ्यांच्या नंबरांचे दस्त काढा. त्यांच्या चतुःसीमेत आपल्या बंगल्याचा त्या वर्षीचा मालक लिहिलेला सापडतो. आपला दस्त वाळवीने खाल्ला असेल, आग लागून गेला असेल, नोंदलाच नसेल, तरी शेजाऱ्याचा शाबूत असण्याची शक्यता असते. चार बाजूंच्या चार दस्तांत एकच नाव वेगवेगळ्या वर्षी आलं तर त्याच्या ताब्याचा काळही ठरतो. सावधगिरी एवढीच की दस्तलेखक जुना दस्त समोर ठेवून चतुःसीमा जशीच्या तशी उतरवत. मेलेल्या शेजाऱ्याचं नाव वीस वर्षं तसंच चालतं. म्हणून एका चतुःसीमेवर कडी जोडू नका, दोन तरी जुळू द्या.

गहाणाकडेही लक्ष हवं. ‘मुदत खरेदी’ हा दस्त दिसायला विक्री, मुळात कर्ज. ठरल्या मुदतीत पैसे फेडले की मिळकत परत. साखळीत एक नाव जाऊन सहा-सात वर्षांनी तेच परत आलं, आणि मधला ‘मालक’ सावकार किंवा पेढी असली, तर दोन विक्र्या न मानता एक गहाण मानून मूळ दस्त पाहा.

पट्ट्याचा बंगला आणि बदललेले जिल्हे

जमीन पट्ट्याची असेल तर खरा इतिहास जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फाइलीत असतो: पट्ट्याचा मूळ करार, नकाशा, नूतनीकरण, हस्तांतराची परवानगी, वाढीव बांधकामाचे अर्ज. पट्टा विकायला सरकारची संमती लागायची, त्यामुळे जो व्यवहार दुसरीकडे दिसत नाही तो इथे परवानगीच्या पत्रात मिळतो. पट्ट्यात अमुक मुदतीत इमारत बांधण्याची अट आहे का तेही पाहा. असली तर बांधकामाच्या वर्षाला मर्यादा मिळते.

कोणत्या जिल्ह्यात जायचं हे साल पाहून ठरवा. माथेरानची जागा १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी पसंत केली आणि सुरुवातीचा कारभार ठाण्यातून झाला. कर्जत तालुका १८९१ मध्ये कुलाबा जिल्ह्यात गेला, आणि कुलाब्याचं रायगड १९८१ मध्ये झालं. म्हणजे माथेरानच्या बंगल्याचा १८७० चा कागद अलिबागला मिळाला नाही तर तो नष्ट झाला असं समजू नका, ठाण्याच्या दप्तरात बघा. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्येच माथेरानवर मोठा मजकूर आहे.

महाबळेश्वरचं तसंच. गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळात, १८२९ मध्ये, साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून डोंगरावरचा भाग घेऊन बदल्यात खंडाळा गाव दिलं गेलं. हे खंडाळा सातारा-वाईकडचं, लोणावळ्याजवळचं नव्हे. वसाहतीला माल्कम पेठ नाव पडलं आणि सरकारी कागदांत, १८८५ च्या सातारा गॅझेटियरमध्येही, शोध याच नावाखाली घ्यावा लागतो. ‘महाबळेश्वर’ म्हणून पाहिलं तर देवस्थानाचं क्षेत्र हाती लागतं. आसपासची गावं मात्र सातारा संस्थान १८४८ मध्ये खालसा होईपर्यंत महाराजांच्या अंमलाखाली होती, त्यामुळे त्यांचे आधीचे कागद मोडीत असतात. पाचगणी १८६० च्या दशकात जॉन चेसन यांच्या पुढाकाराने वसली, तिथे ही अडचण नाही.

त्यामागचं बघायचं तर दोन मोठी दप्तरं. मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं पुराभिलेखागार, जिथे इलाख्याच्या महसूल आणि सार्वजनिक बांधकाम खात्याचे खंड आहेत. आणि पुण्याचं पुराभिलेखागार, म्हणजे लोकांच्या तोंडातलं पेशवे दप्तर, जिथे इनाम, वतन आणि सनदांचे कागद आहेत. घर इनाम जमिनीवर असेल तर १८५२ च्या कायद्याने बसवलेल्या इनाम कमिशनची चौकशी तिथे शोधा. इनामदाराने हक्क सिद्ध करण्यासाठी दिलेल्या वंशावळी तिच्यात असतात.

जुना कागद वाचताना

मोडी येत नसेल तर जाणकाराकडून वाचून घ्या, पण दोन गोष्टी स्वतः तपासा: आकडे आणि तारखा. सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

आकड्यापुढच्या उभ्या रेघा अपूर्णांक आहेत. ‘।’ पाव, ‘॥’ अर्धा, ‘॥।’ पाऊण. रुपयांत ५॥ म्हणजे साडेपाच, म्हणजे पाच रुपये आठ आणे. नकलाकाराने ते ५११ वाचलं की भाड्याचा आकडा खरेदीच्या किमतीएवढा होतो. अक्षरापुढे हीच खूण संक्षेपाची असते, जसं ‘मौ॥’ म्हणजे मौजे.

तारखेसाठी: शकात ७८ मिळवले की इसवी सन, पण १ जानेवारीपासून पुढच्या गुढीपाडव्यापर्यंतच्या महिन्यांना ७९. शक वाचण्यात शंका असेल तर संवत्सराचं नाव कामी येतं. शकात १२ मिळवून ६० ने भागा, बाकी राहील तो संवत्सराचा क्रमांक. शके १८०० ची बाकी १२, म्हणजे बहुधान्य. कागदावर दुसरंच नाव असेल तर शकाचा एखादा आकडा चुकीचा वाचला गेला आहे. फसलीत, म्हणजे जुन्या महसुली सालात, ५९० मिळवायचे, आणि फसली साल जूनमध्ये मृगाला सुरू होतं, म्हणून जानेवारी ते मेपर्यंत ५९१. पेशवाईतल्या कागदांवर सुहूर सन अरबी शब्दांत असतो, त्यात ५९९, जानेवारी ते मेपर्यंत ६००. ‘अर्बा सबैन मया व अलफ’ म्हणजे चार, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७४, म्हणून १७७३-७४.

क्षेत्राची पडताळणी दर वेळी करा. एक एकर म्हणजे ४० गुंठे, एक गुंठा १०८९ चौरस फूट, जवळजवळ १.०१ आर. पूर्वी १ एकर १२ गुंठे असलेली जागा आज साधारण ५२.६ आर दिसली पाहिजे. कमी असेल तर मधे कुठेतरी पोटहिस्सा विकला गेला आहे किंवा रस्त्याला गेला आहे, आणि त्याचा फेरफार तुमच्याकडून सुटला आहे. जुन्या मोजणीची साखळी ३३ फुटांची, १६ आण्यांत विभागलेली. टिपणावर, म्हणजे मोजणीच्या जुन्या कच्च्या नकाशावर, ६ साखळी ८ आणे म्हणजे २१४ फूट ६ इंच. टिपणाची नक्कल घेऊन दगडी कुंपणाची भिंत टेपने मोजा. दोन-चार फुटांच्या फरकाने जुळली तर जागा तीच, याची खात्री होते.

साखळी नेमकी कुठे तुटते

काही वर्षं अशी आहेत की तिथे कडी सापडेनाशी झाली की कारण जवळजवळ ठरलेलं असतं. आवारातली शेतजमीन अचानक कमी झाली आणि साल १९५७ च्या आसपासचं असेल, तर कुळकायदा पाहा. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनाला कसणारी कुळं कायद्याने मालक मानली गेली, त्यामुळे तिथे खरेदीखत मिळणार नाही, त्या कायद्याच्या कलम ३२-ग ची कार्यवाही आणि कलम ३२-म चं प्रमाणपत्र मिळेल. मालक १९४७ नंतर पाकिस्तानात गेला असेल तर नाव कस्टोडियनचं, म्हणजे अशा मालमत्तेच्या सरकारी रखवालदाराचं, लागतं. इव्हॅक्यूई, म्हणजे देश सोडून गेलेल्यांच्या, मालमत्तेचा कायदा १९५० चा. नंतरच्या युद्धकाळातली नोंद असेल तर शत्रू संपत्तीचा १९६८ चा कायदा.

पारशी, बोहरा, खोजा कुटुंबांचे अनेक बंगले पुढे ट्रस्टांकडे गेले. अशा वेळी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातला परिशिष्ट १ चा उतारा मागा. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने प्रत्येक ट्रस्टची स्थावर मिळकत तिथे नोंदलेली असते. मालक मुंबईत वारला असेल तर त्याच्या मृत्युपत्राचा प्रोबेट, म्हणजे ते खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, उच्च न्यायालयाच्या दप्तरात शोधा, त्यात बंगल्याचं वर्णन आणि किंमत दोन्ही असतात. युरोपियन मालकांसाठी चर्चच्या नोंदवह्या, कबरस्तानातल्या शिळा आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतलं इंडिया ऑफिस दप्तर उपयोगी पडतं.

दस्त-फेरफार दोन्ही अडले तर कर आकारणीच्या वह्या. नगरपालिकेची आकारणी नोंदवही, ग्रामपंचायतीचा नमुना ८. आकारणी दर चार वर्षांनी नव्याने होत असल्याने मालक, भोगवटादार आणि खोल्यांची संख्या ठरावीक अंतराने दिसत राहते. कर भरणारा म्हणजे मालक नव्हे, पण काळाची खूण पटवायला या वह्यांसारखं साधन नाही. ‘अभिलेख आढळत नाही’ असं कोणी सांगितलं तर ते लेखी मागा, आणि गरज पडल्यास माहितीच्या अधिकारात पुन्हा विचारा. लेखी द्यायची वेळ आली की बाड सापडतं, असं बऱ्याचदा घडतं.

भिंतीला विचारा

कागद झाले की त्यांची बंगल्याशी गाठ घालायची. महाबळेश्वर, माथेरान, पाचगणीच्या माथ्यावर जांभा आहे, लोणावळा-खंडाळ्याकडे काळा दगड. जांभ्याच्या गावात काळ्या घडीव दगडाची एखादीच भिंत असेल तर ती नंतरची किंवा जास्त खर्चाची आहे, तिचं कारण दस्तात शोधा.

सांध्यातला माल आडोशाच्या जागी खिळ्याने हलका खरवडा. चुना पांढरट भुकटी देतो, सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, घातलेली असेल तर तांबूस. सिमेंट करडं आणि खिळ्याला दाद न देणारं. देशात सिमेंटचं उत्पादन खऱ्या अर्थाने सुरू झालं ते १९१४ मध्ये पोरबंदरला, त्याआधीचं बहुतेक आयात केलेलं आणि महाग. म्हणून मूळ भिंतीच्या आतल्या सांध्यात सिमेंट मिळालं तर १८६० च्या बंगल्याची कथा मागे घ्यावी लागेल. फक्त बाहेरच्या दर्जांत, म्हणजे सांध्यांच्या तोंडाशी बाहेरून भरलेल्या मालात, असेल तर ती मागाहूनची डागडुजी. (जांभ्याला सिमेंटच्या दर्जा भरणं वाईट. आतली ओल बाहेर पडायची वाट बंद होते आणि दगडाचा पृष्ठभाग झडू लागतो. असं दिसलं तर मालकाला जरूर सांगा.)

माळ्यावर चढून कौल उलटं करून ठसा वाचा. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५ मध्ये काढला, तेव्हा ती कौलं त्यानंतरचीच. पण कौलांचं वय म्हणजे छपराचं वय. भिंती त्याआधीच्या असू शकतात, आणि मूळ छप्पर गवताचं किंवा नळीच्या कौलांचं असल्याच्या खुणा वाशांच्या जुन्या भोकांत दिसतात. लोखंडी तुळयांवर गिरणीचं नाव उमटलेलं असतं. ‘डॉर्मन लाँग’ असेल तर विलायती माल, कंपनीच १८७५ ची. ‘टाटा’ असेल तर १९१२ नंतरचं पोलाद. जमिनीवरच्या रंगीत सिमेंटच्या लाद्यांच्या पाठीवर भारत टाइल्सचा ठसा सापडला तर ती फरशी १९२२ नंतरची. जोत्याच्या दगडात सरळ उभी सांध होऊन दोन्ही बाजूंच्या थरांची उंची जुळत नसेल, तर तिथे एक बांधकाम संपून दुसरं सुरू झालं. ही सांध आणि दस्तातल्या वर्णनातला बदल एकमेकांशी ताडून बघा.

लिहून काढताना

प्रत्येक मालकापुढे पुराव्याची प्रत लिहा. दस्त पाहिला, फक्त फेरफार पाहिला, फक्त चतुःसीमेत नाव आलं, फक्त ऐकीव. या चारांची सरमिसळ होऊ देऊ नका. ऐकीव माहिती गाळायची गरज नाही, तिला ऐकीव म्हणून ठेवा. बांधकामाचं एकच साल देण्याऐवजी दोन टोकं द्या: ‘अमुक सालच्या दस्तात मोकळी जागा, अमुक साली बंगला’. फाटकावर पाटी लावायची असेल तर तीवर हीच दोन सालं येऊ द्या. हयात मालकांचे वाद, कर्ज आणि वाटण्या जाहीर मजकुरात घेऊ नका, तक्त्यात ठेवा. तक्त्याची एक प्रत मालकाकडे आणि एक गावच्या ग्रंथालयात द्या, आणि तिच्यासोबत प्रत्येक नकलेचा अर्ज क्रमांक व तारीख जोडा, म्हणजे पुढच्याला तेच बाड पुन्हा मागवता येईल.